अण्णाच्या खिडकीतला माझा रेडिओ

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही — बायकोजवळही नाही. आता तुमच्यापुढं तोंड उघडतोय.

निजामाच्या अमलात गुलबर्ग्याला माझी वकिली जोरात होती. तार, टेलिफोन, रेडिओ — यांच्या नव्या कायद्यांतलं कळणारा म्हणून सरकारी कचेरीतूनही बोलावणं यायचं. रेडिओ-परवान्याच्या नियमांचा उर्दू मसुदा मीच केला. त्यातलं एक कलम खास माझ्या डोक्यातलं — खरा मालक पुढं आला नाही, तर ज्याच्या घरात रेडिओ सापडेल तोच गुन्हेगार. काय ऐट होती मला त्या कलमाची!

आणि माझाच रेडिओ बिनपरवान्याचा. हसाल तुम्ही. पण परवाना काढला असता, तर वकीलसाहेब बाहेरच्या बातम्या ऐकतात हे कचेरीला कळलं असतं ना? म्हणून तो ठेवला दुबलगुंडीला, माझ्या थोरल्या मावसभावाच्या घरी. त्याला सगळे अण्णा म्हणायचे. तिथल्या सरकारी शाळेत मास्तर होता. रेडिओ कपाटात ठेवायचा असं ठरलं होतं — पण भला माणूस! खिडकीत मांडून अख्ख्या गल्लीला बातम्या ऐकवायचा, वर कानडीत समजावून सांगायचा. दुसरं काय होणार? पोलीस आले.

त्याचा वकील म्हणून मीच उभा राहिलो. मुन्सिफानं विचारलं, रेडिओ कुणाचा? अण्णानं माझ्याकडं पाहिलं. तो थांबला होता हो — मी बोलावं म्हणून. खरं बोललो असतो तर त्याची नोकरी वाचली असती, माझी सनद गेली असती.

मी म्हणालो — माझ्या अशिलाचा. खणखणीत उर्दूत. अण्णानं नुसती मान डोलावली.

बाहेर आल्यावर मला रडू फुटलं, तर तोच म्हणाला, "कामून रडायलास? तुझी सनद तर ऱ्हायली न्हवं?" भित्रा होतो मी. दुसरं काय म्हणू?

त्याला दंड झाला, मास्तरकी गेली. गुलबर्ग्यात तुरीच्या अडतीवर पोती उचलू लागला. त्या बाजूला काम निघालं, की मी टांगा दुसऱ्या रस्त्यानं घ्यायला लावायचो. दोन-तीन वर्षांत खोकल्यानं गेला बिचारा.

तेराव्याला वहिनी चार माणसांत म्हणाल्या, "भाऊजी होते म्हणून दंडावर भागलं. न्हाई तर ह्यास्नी आत बसावं लागलं असतं." सगळ्यांनी माझ्याकडं आदरानं पाहिलं. आणि मी — मान खाली घालून म्हणालो, आपल्या माणसासाठी एवढं करावंच लागतं.