आरोपीलाही न सापडलेला मुद्देमाल

ती घटना आठवली की आजही माझे कान गरम होतात. रागाने नव्हे, हेव्याने!

मालवणजवळच्या एका हायस्कुलातील मराठीच्या बाई आमच्या पोलीस ठाण्यात आल्या. किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्या बायकांची लग्नातली गाणी त्यांनी तीन वर्षे गावोगाव फिरून ध्वनिमुद्रित केली होती. सोमवारी पाहतात तो शाळेच्या संगणकावरून ती सगळी नाहीशी झाली होती. दुसरी प्रत नव्हती. आठवड्याने याच कामाबद्दल त्यांचा सत्कार होता, पण बाईंना त्याचे काहीच नव्हते.

"साहेब, त्यात माझी आई गाते. ती गेल्या वर्षी गेली. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही."

गुन्हा दाखल केला. ओरोसच्या जिल्हा मुख्यालयातून सायबर शाखेची एक महिला शिपाई आली. फोंडाघाटची, नोकरी जेमतेम दोन वर्षांची. ठाण्यातला जो तो तिला खुर्ची द्यायला धावू लागला. चौकशीत आजवर माझा हात कोणी धरला नव्हता. मी तिला कोपऱ्यातली खुर्ची दिली, हात मोडलेली.

खबर दिली शाळेच्या शिपायाने, माडाआड उभे राहून, दशावतारातल्या पात्राच्या थाटात. "सायबांनु, आयतवारी शाळा बंद. पण कॉम्प्युटरच्या सरांची मोटारसायकल फणसाखाली उभी व्हती!"

सरांना बोलावले. माझी पद्धत साधी: चहा द्यायचा आणि गप्प बसायचे. माणसाला पोलिसांचे ओरडणे सोसते, गप्प बसणे सोसत नाही. दुसऱ्या कपाला सर फुटले.

"धा वर्षां कॉम्प्युटर मिया शिकवतंय, आनि हार पडतलो तिच्या गळ्यात! सत्कार होईसर लपवन ठेवतलंय, मगे परत देतलंय, असा ठरवलंय."

मी विजयी मुद्रेने कोपऱ्याकडे पाहिले. ती शांतपणे टिपण करत होती.

दोन पंच घेऊन शाळेत गेलो. आरोपी मुद्देमाल दाखवणार, मी पंचनामा करणार. सर संगणकापुढे बसले. शोधू लागले. कपाळावर घाम आला.

"सायबांनु, लपयली मियाच. पण खंय गेली, ताच माका गावना नाय!"

पंच हसले. बाई मात्र भिंतीला टेकल्या.

"साहेब, मी विचारू?" कोपऱ्यातून आवाज आला. मी मान हलवली. न हलवून करतो काय?

ती आरोपीशेजारी बसली. "सर, त्या दिवशी लिवलास तसाच परत लिवा. एक रिकामी फाइल घेवन."

काळ्या पडद्यावर त्यांनी आज्ञा लिहिली: फाइल डी ड्राइव्हच्या अमुक फोल्डरात हलव.

"पण ह्या मशीनीत डी ड्राइव्ह आसाच खंय?" तिने विचारले.

सरांचा सारा जन्म जुन्या संगणकांवर गेलेला. हात सवयीने तोच पत्ता लिहीत होता. नव्या संगणकांची प्रणाली वेगळी. तिथे डी ड्राइव्ह नाही. फोल्डर वेगळे दाखवणारी तिरकी रेघही उलट्या बाजूला झुकलेली. त्यामुळे संगणकाने तो अख्खा पत्ता म्हणजे फाइलचे नाव समजून घेतले आणि आज्ञा जिथून दिली तिथेच फाइल ठेवली. ती जागा म्हणजे मुलांच्या सरावाचे फोल्डर. कोण उघडणार ते?

तिने उघडले. असल्या लांबलचक नावांच्या फायली ओळीने बसल्या होत्या. एक लावली. एका म्हातारीचा किंचित घोगरा आवाज आला. "आई!" म्हणत बाई संगणकाकडे धावल्या आणि सर ढसाढसा रडू लागले.

त्या प्रकरणाने मला शिकवले ते हे: हेवा वाटणारा माणूस दुसऱ्याचे नष्ट करतोच असे नाही, पुष्कळदा तो ते फक्त नजरेआड करतो. मला हे चौकशीतून कळले नाही. अहवालात मी लिहिले, 'माझ्या मार्गदर्शनाखाली मुद्देमाल हस्तगत.' तिचे नाव त्या ओळीत कुठेच नव्हते. वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली, तेव्हा ती पुढच्या टेबलावर कागद लावत होती.

आज ते नाव लिहून मोकळे व्हावे, असे फार वाटते. पण या आठवणींत कोणाचेही नाव द्यायचे नाही, हा मीच घातलेला नियम. खरे सांगू? नियम आठवला आणि बरे वाटले. मी निवृत्त झालो, हेवा अजून ड्युटीवर आहे.