निळ्या दरवाजाचा पत्ता

देवाला पत्ता सांगणारा माणूस साऱ्या जालना जिल्ह्यात एकच असेल, आणि तो माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. आम्ही दोघंही आजोबांपासूनचे ख्रिस्ती. पण मी नाताळाला आणि लग्नकार्याला चर्चची पायरी चढणारा, आणि हा माणूस चहाचा कप पुढं आला तरी डोळे मिटणारा. परतूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, तो जन्मभर मापाडी होता. पोत्याचं वजन ओरडून सांगायची सवय, त्यामुळं प्रार्थनाही तशीच, शेजारच्या गल्लीला ऐकू जाईल अशी. त्याच्या घरी मी गरम चहा कधी प्यालेला नाही. आधी चहासाठी प्रार्थना, मग चहा करणारीसाठी, मग दूध देणाऱ्या म्हशीसाठी. आणि म्हशीचाही पत्ता. "प्रभू, नदीकडच्या वस्तीवर, चिंचेखाली बांधलेली, एक शिंग मोडलेली." तोवर कपावर साय आणि सायीवर माशी.

एकदा मी विचारलंच, "साडभाऊ, देवाला काय पत्ता लागत न्हाई का?"

"त्याला लागतो," तो म्हणाला. "पण मोंढ्यात येऊन कोणी नुसतं 'माल आलाय' म्हणलं तर चालतं का? कोणाचा माल, कोणत्या आडतीवर, बराबर सांगाया लागतं."

त्यातही त्याचा एक कायदा होता. माणसाचा पत्ता ज्याचा त्यानंच सांगायचा, दुसऱ्याच्या तोंडून आलेला चालायचा नाही. पाळकसाहेबांनी एका रविवारी मंडळीत सांगितलं, की हसनाबादच्या एक बाई तापानं पडल्यात, त्यांच्यासाठी प्रार्थना करा. सगळ्यांनी केली. हा गप्प. दुसऱ्या दिवशी गाड्या बदलत हसनाबादला गेला, विचारत विचारत त्या बाईच्या खाटेपाशी पोचला आणि म्हणाला, "बाई, तुमचा पत्ता सांगा." बाई म्हणाली, "अहो दादा, तुम्ही माझ्याच घरात उभे हायेत." हा म्हणाला, "ते दिसून राह्यलं. पण तुमच्या तोंडून पाहिजे." बाईला हसू आवरेना. पुढं ती बरी झाली, आणि औषधाला मान द्यायचा की ह्याला, यावर त्या घरात अजून भांडण आहे.

मी गवंडी. शाळा तिसरीत सुटली, पण वडीगोद्रीत आणि आसपास मी बांधलेलं एक घर गळतंय असं कोणी दाखवावं. माझं स्वतःचं घर तर मी दगडासारखं बांधलं होतं. साडू रोज सकाळी फोन करायचा आणि 'हॅलो' न म्हणता सुरू व्हायचा. "प्रभू, वडीगोद्रीत, पाण्याच्या टाकीमागं, निळ्या दरवाजाच्या घरात माझा साडू राहतो. तापट हाये, पण तुझाच हाये. त्याला तुझ्या पंखाखाली घे. आमेन." लगेच फोन बंद. माझी बायको, म्हणजे त्याच्या बायकोची धाकटी बहीण, पदर तोंडाला लावून हसायची. मी एकदा उलटा फोन लावून त्याला सुनावलं, "मी काय कोंबडीचं पिल्लू हाये का? माझ्या डोक्यावर मी स्वतः टाकलेला स्लॅब हाये. पंख गरजवंताला द्या." तो म्हणाला, "बरं." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा निळा दरवाजा.

मग बायको गेली. पोरगा म्हणाला, आता एकटं राहायचं नाही, आणि मला जालन्याला घेऊन आला. तिसरा मजला. डोक्यावर दुसऱ्या कोणाचा स्लॅब, त्याला कोपऱ्यात एक भेग, आणि मी रात्रंदिवस त्या भेगेकडं बघत पडायचो. वडीगोद्रीचं घर रफिकभाई नावाच्या वेल्डिंगवाल्याला भाड्यानं दिलं. मातीला साडू येऊन गेला होता, पण घर सोडल्याचं मी त्याला काही बोललो नाही. कोणी मरून घर सुटलं, हे फोनवर सांगायची गोष्ट आहे का? त्याचा फोन मात्र सकाळी यायचाच, आणि त्यात टाकी, निळा दरवाजा, पंख, सगळं जिथल्या तिथं. मी ऐकायचो आणि दुरुस्त करायचो नाही. दुरुस्त करायचं म्हणजे मला ते पाहिजे आहे असं कबूल करायचं, आणि ते मला जमणारं नव्हतं.

पण मग तिकडून बातम्या येऊ लागल्या. रफिकभाईच्या शेळीला तीन पिल्लं झाली, तिन्ही जगली. त्याच्या पोरीचं चांगल्या घरी जमलं. त्याच्या आईचे गुडघे, जे कोणत्याच तेलाला दाद देत नव्हते, ते सुधारले आणि म्हातारी बाजाराला चालत जायला लागली. भेटला की म्हणायचा, "चाचा, आपके घर में बडी बरकत है." इकडं मी मोरीतल्या फरशीवर घसरलो, साखर वाढली, आणि जन्मभर उचललेल्या विटांनी पोटात हर्निया करून ठेवला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावंच लागेल. कोणाला सांगायला नको, पण मला शंका आली, की माझ्या नावचं सगळं निळ्या दरवाजाशी उतरून राह्यलं आहे.

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात मी पिशवीभर मोसंबी घेतली आणि परतूरची गाडी धरली. पोराला सांगितलं, साडूला मोसंबी द्यायला चाललोय. पोरगा म्हणाला, "परतूरला मोसंबी मिळत न्हाई का?" मी पिशवी उचलून निघालो.

साडू ओट्यावरच बसला होता. मोसंबी बघितली, मला बघितलं, आणि आत चहा सांगितला. चहा आला. त्यानं डोळे मिटले. चहा झाला, म्हैस झाली, मग माझी पाळी आली. "प्रभू, वडीगोद्रीत, पाण्याच्या टाकीमागं, निळ्या—"

"साडभाऊ," मी म्हणालो, "घर बदललं."

तो थांबला. डोळे उघडले नाहीत. "मला काय सांगून राह्यले? त्याला सांगा."

आयुष्यात मी मोठ्यानं प्रार्थना केलेली नाही. चर्चमध्येसुद्धा नुसते ओठ हलवायचो. पण चहा थंड होत होता आणि समोरचा माणूस डोळे उघडायला तयार नव्हता. मी घसा साफ केला. "जालन्यात," मी म्हणालो. "जुन्या जालन्यात, पिठाच्या गिरणीच्या वर, तिसरा मजला. लिफ्ट बंद असती. बायको तिथं आलीच न्हाई, आधीच गेली. वरचा स्लॅब मी टाकलेला न्हाई. पोटाचं ऑपरेशन हाये आणि मला भ्या वाटून राह्यलं." पुढं काय म्हणायचं असतं ते सुचेना, म्हणून म्हणालो, "एवढंच."

"आमेन," साडू म्हणाला आणि चहा उचलला.

"मी जालन्याला गेलो हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं की. सगळ्या गावाला ठाऊक होतं."

"मंग रोज तो जुना पत्ता कशाला?"

"तुम्ही कधी सांगितलं मला?" साडू म्हणाला. "मंग मी वाट बघून राह्यलो."

मी कपातली माशी काढली. मग म्हणालो, "रफिकभाईचं बंद करू नका. त्याचं बरं चाललंय."

"त्यालाही यायला सांगा. त्याच्या तोंडून ऐकतो."

ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आलो तेव्हा वर दवाखान्याचं छत होतं, ते कोणी टाकलं हे बघायचं मला सुचलंच नाही. घरातली भेग आहे तिथंच आहे. तिच्याखाली मला आता झोप लागते.

साडू अलीकडं फार थकलाय. मोंढ्यावर चालणारा तो आवाज आता फोनमध्येसुद्धा पुरत नाही, दम लागतो. म्हणून सकाळी फोन मी लावतो. 'हॅलो' म्हणत नाही. "प्रभू," म्हणतो, "परतूरला, रेल्वे फाटकाच्या अलीकडं, ओट्यावर जुना तराजू ठेवलाय त्या घरात माझा साडू राहतो. चहा थंड करून पाजतो. त्याला पंखाखाली घे." पलीकडून तो आधी दम घेतो. मग तो हळू म्हणतो, "पत्ता बराबर हाये." आणि पूर्वी आमेन म्हणताच फोन बंद करणारा हा माणूस आता फोन ठेवत नाही. मीही ठेवत नाही.