थोरलीची मापं

बेतायचं टेबल थोरलीचं आणि शिलाईमशीन धाकटीचं, अशी वाटणी वीस वर्षं चालली. सख्ख्या बहिणी, दुकान एकच. थोरली माप लिहीत नसे. एकदा टेप फिरवला की सहा महिन्यांनीही गिऱ्हाइकाचे खांदे-कंबर तिला तोंडपाठ. धाकटी यावरून जळायची. तिने वही पुढे केली की थोरली म्हणायची, "ती विसराळूंसाठी."

मग थोरलीला भिंतीतून आवाज ऐकू यायला लागले. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला. गोळ्यांनी आवाज थांबले, पण हात थरथरू लागले. त्यावर आणखी एक गोळी आली. हात स्थिरावले, पण आता टेपवरचा आकडा कापडापर्यंत पोचेस्तोवर डोक्यातून जायचा. मापं धाकटी लिहून घेऊ लागली. गिऱ्हाइकं थोरलीला ओलांडून थेट मशीनपाशी जायची आणि थोरलीचा जळफळाट व्हायचा.

एकदा शाळेतल्या बाई कोटाचं माप देऊन गेल्या. थोरलीने वहीकडे न बघता कापड बेतलं. कोट बाईंच्या अंगात शिरेना. आकडे चुकलेले नव्हते. फक्त आजाराआधीचे होते, आणि बाई मधल्या काळात चांगल्याच भरल्या होत्या.

"ताई, गोळी चुकली का गं?"

"माझं बिघडलं की गोळी. तुझं बिघडलं की दोरा वाईट."

डॉक्टरांना थोरली म्हणाली, "सगळ्या बंद करा."

"आवाजांची बंद करायची नाही," ते म्हणाले. "सगळा दोष गोळ्यांचाही नाही, या आजारातही विचार मंदावतात. पण थरथरीची गोळी स्मरण आणखी कमी करते. ती हळूहळू उतरवून बघू."

दोनेक महिन्यांत मापं थोडीथोडी डोक्यात टिकू लागली. कात्री मात्र खडूची रेघ सोडून भलतीकडे जाऊ लागली.

"पुन्हा वाढवायची का?" डॉक्टरांनी विचारलं.

"वाढवा ना," धाकटीच आधी बोलली. "मापांचं मी बघते की."

थोरलीने तिच्याकडे नीट पाहिलं. "नको. आहे तेवढीच राहू दे."

दुसऱ्या दिवशी तिने कात्री धाकटीपुढे सरकवली. "तू बेत. मापं मी सांगते. वही मीट."

धाकटीने वही मिटली, पण बोट पानातच ठेवलं. थोरलीने कालच्या गिऱ्हाइकाची बाही सांगितली. धाकटीने हळूच पान उघडून पाहिलं. आकडा बरोबर होता. तिचा चेहरा असा काही पडला की थोरलीला कात्री सोडल्याचं दुःख निम्मं झालं.