हसुरामकाकांची साक्ष

निर्णय देण्याआधी हसुरामकाका डोळे मिटत. बॉलर ओरडत असे, विकेटकीपर उड्या मारत असे, फलंदाज बॅट काखेत धरून साळसूद चेहऱ्याने उभा असे, आणि पांढरी टोपी घातलेला, साठी ओलांडलेला हा सडपातळ माणूस डोळे मिटून एक श्वास घेई. मग डोळे उघडून एक तर बोट वर करी, नाही तर मान हलवी. कधी कधी मात्र ते दोन्ही हात जोडत आणि म्हणत, "मी नाय बगला." मग तो चेंडू परत टाकावा लागे. मुलं यावर फार चिडत. कुठला अंपायर असं कबूल करतो?

आमची वसाहत उरणच्या अलीकडे, भराव घातलेल्या जमिनीवर. सरळ रस्ते, एका मापाच्या इमारती, रस्त्याच्या त्या बाजूला इंग्रजी शाळा, या बाजूला मराठी शाळा आणि तिला लागून बाग. बाग म्हणजे चालायला फरशीची वाट, चार घसरगुंड्या आणि मधोमध मुलांनी खेळून खेळून गवत घालवलेलं मैदान. हसुरामकाका वसाहतीतले नव्हते. मागच्या जुन्या गावातले होते. बाग आहे तिथे एके काळी त्यांच्या वडिलांचं मिठागर होतं, पण हे मला दुसऱ्या कोणी तरी सांगितलं. त्यांनी स्वतःहून कधीच सांगितलं नाही. रोज साडेपाचला ते येत आणि मुलांच्या खेळात उभे राहत. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, आणि जा असंही कोणी म्हटलं नव्हतं.

माझी त्यांची पहिली भेट भांडणानेच झाली. माझी मुलगी ईशा तेव्हा अकरा वर्षांची. मुलांमध्ये एकटीच मुलगी खेळायची, म्हणून मी जरा जास्तच तिच्या बाजूने असायची. एकदा ती रडत घरी आली. बॅटला चेंडू लागलाच नव्हता आणि अंपायरकाकांनी तिला झेलबाद दिलं होतं. मी चपला सरकवल्या आणि तडक खाली गेले. "एवढीशी पोर, एकटी खेळते, तिला जरा सांभाळून घ्यायला काय होतं?" असं बरंच बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, तुमी बगलात?"

"नाही. मी घरात होते. पण ईशा खोटं बोलत नाही."

"पोरगी खोटी नाय. तिला लागल्याचा कलला नसंल. मना आवाज आला, चेंडू वलताना दिसला." मग म्हणाले, "पोरगी हाय म्हून सोरला असता, तर उद्यापासून ती खेलायला नाय, पावनी म्हून आली असती."

मी आल्या वाटेने परत आले. ईशा दुसऱ्या दिवशी साडेपाचच्या आधी मैदानावर होती.

पुढे ओळख वाढली तशी त्यांच्याबद्दल एकेक कळत गेलं. न्हावा शेव्याकडच्या एका कंटेनर यार्डात त्यांनी सारी नोकरी केली. आलेल्या प्रत्येक कंटेनरभोवती फिरून तो कुठे चेपला आहे, कुठे भोक आहे, कुठे गंज आहे, ते कागदावर लिहायचं हे त्यांचं काम. कंटेनरला ते डबा म्हणत. कधी कुणाला पोचा लपवलेला हवा असे, कधी नसलेला दाखवलेला हवा असे. "डब्याला पोचा असंल तं लिवायचा, नसंल तं नाय लिवायचा. यात डोका कुठं लावायचाय?" असं ते म्हणत. या स्वभावामुळे नोकरीत ते जिथे लागले तिथेच राहिले. त्यांना मूलबाळ नव्हतं. थोरला भाऊ लवकर वारला, तेव्हा त्याच्या मुलाला, प्रमोदला, त्यांनीच शिकवलं, वाढवलं. प्रमोद ट्रेलर चालवायचा. काकांनीच त्याला गाडीचं लायसन काढायला नेलं होतं.

ट्रेलर हा आमच्या वसाहतीचा जुना घोर. हमरस्त्यावर रांग लागली की ते लांबलचक ट्रेलर आमच्या आतल्या रस्त्याने, शाळांच्या पुढून काढले जात. बोर्ड लावले, अर्ज केले, पण ते येतच राहिले.

एका संध्याकाळी आमच्या मजल्यावरच्या मेघनाचा मुलगा अथर्व खेळत होता. सातवीतला, हुशार, तापट. काकांनी त्याला पायचीत दिलं. त्याने बॅट आपटली, सायकल काढली आणि फाटकातून बाहेर पडला. पाण्याची बाटली तो विसरला होता, म्हणून काका ती घेऊन त्याच्यामागे फाटकापर्यंत गेले. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या गाड्या टाळण्यासाठी एक ट्रेलर चुकीच्या बाजूने वळला आणि अथर्वची सायकल त्याच्या पुढच्या चाकाखाली गेली.

आवाज ऐकून मी धावत खाली पोचले तेव्हा काका रस्त्यावर बसले होते. अथर्वची मांडी त्यांनी स्वतःच्या शर्टाने करकचून बांधली होती आणि नुसत्या बनियनवर ते त्याच्याशी बोलत होते. "डोले उघरे ठेव. माझ्याकरं बग. बाटली विसरलास ना, ही बग आनली." ट्रेलरचा ड्रायव्हर खाली उतरला होता. "काका," एवढंच म्हणाला. तेव्हा मला कळलं की तो प्रमोद होता.

काकांनी वर बघितलं. "गारी बंद कर. चावी मना दे. कुठं जाव नको."

प्रमोदने चावी दिली आणि तिथेच फुटपाथवर बसला. पोलीस येईपर्यंत तो हलला नाही.

अथर्व वाचला. पायात सळई घातली, तीन ऑपरेशनं झाली, आणि आजही तो जरा ओढत चालतो. पण त्या आठवड्यात हे काहीच माहीत नव्हतं. वसाहत संतापली होती. आम्ही सगळे जमावाने पोलीस ठाण्यात गेलो. कोणी तरी म्हणालं, ड्रायव्हरच्या कानाला फोन होता. दुसरा म्हणाला, हो, होता. हवालदारांनी मला विचारलं, "तुमचं घर समोरच आहे ना? तुम्ही पाहिलंत?" मेघना माझ्या शेजारी उभी होती. तिच्या ओढणीवर अजून डाग होते. मी हो म्हणाले. "फोन कानाला होता," असं त्यांनी लिहून घेतलं आणि मी खाली सही केली.

चार दिवसांनी मी काकांच्या घरी गेले. अथर्वचा जीव त्यांच्यामुळे वाचला असं डॉक्टर म्हणाले होते, ते सांगायचं होतं. काकी चहा टाकत होत्या, एवढ्यात प्रमोदची आई आली. गुडघ्यांनी अधू, भिंतीला धरून चालणारी बाई. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. सरळ काकांच्या पायांपाशी बसली.

"भावजी, तुमी काय खोटा बोलू नका. येवराच सांगा का तुमी आत मैदानात व्हता. पोरांत व्हता. तुमाला काय दिसला नाय."

काकांनी पाय मागे घेतले. मग म्हणाले, "वैनी, मी फाटकात व्हतो."

"तुमच्या मांडीवर ल्हानाचा मोठा झाला तो."

"व्हय."

"त्याची पोरगी पयलीला हाय."

"व्हय, वैनी."

काकांच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं आणि ते त्यांनी पुसलंही नाही. बाई भिंतीला धरून उठली आणि निघून गेली. चुलीवर चहा उतू गेला तरी काकी जागच्या हलल्या नाहीत.

मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. काही तरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "काका, तुम्हाला एकट्यालाच सांगावं लागणार नाही. मीही जबाब दिलाय. फोन होता, ते आम्ही सगळ्यांनी सांगितलंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"मॅडम, तुमी बगलात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयात उशिरा येते असं कळवून मी पोलीस ठाण्यात गेले. हवालदार वैतागले. "कशाला बदलताय? कोणाचा दबाव आहे का?" मी म्हणाले, दबाव नाही, मी पाहिलंच नव्हतं. तीन वेळा विचारून त्यांनी नवा जबाब लिहिला. संध्याकाळी मेघनाने दार लावून घेतलं. माझ्या एका वाक्यासाठी मी एक मैत्रीण गमावली, आणि ते मला इतकं जड गेलं की मागच्या गावातला तो माणूस काय उचलून चालला आहे याची मला पहिल्यांदा कल्पना आली. त्या दिवसानंतर मात्र त्यांनी मला मॅडम म्हणणं सोडलं. ते मला 'बाय' म्हणू लागले, घरच्या लेकीला म्हणतात तसं.

खटला उभा राहायला जवळजवळ दोन वर्षं गेली. या काळात गावाने काकांना वाळीत टाकलं नाही, पण हळदीच्या मांडवात त्यांच्या पंगतीला कोणी बसेना. ते साडेपाचला मैदानात येत राहिले. साक्षीच्या दिवशी मी कोर्टात होते.

सरकारी वकिलांनी काय घडलं ते विचारून घेतल्यावर प्रमोदच्या वकिलाने विचारलं, "मुलगा रागात होता?"

"व्हता."

"का?"

"मी त्याला आउट दिला व्हता."

"सायकल वेगात होती?"

"जोरात व्हती."

मागच्या बाकावर मेघनाच्या नवऱ्याने डोकं हातात घेतलं. वकील खूश झाला. "म्हणजे चूक मुलाचीच?"

"नाय. तो आपल्या बाजूला व्हता. गारी त्याच्या बाजूला आली."

मग सरकारी वकील पुन्हा उठले. त्यांना फोन हवा होता. "आरोपीच्या कानाला फोन होता, बरोबर?"

काकांनी डोळे मिटले. कोर्टात कोणी तरी हसलं.

"मी नाय बगला."

"म्हणजे फोन नव्हता?"

"ते बी मी नाय बगला. मी चाकाकरं बगत व्हतो."

शेवटी प्रमोदच्या वकिलाने विचारलं, "आरोपी तुमचा पुतण्या. तुमचं त्याच्याशी वैर आहे?"

तोपर्यंत एकाही प्रश्नाला न अडखळलेला तो माणूस इथे अडखळला. कठड्याला धरून म्हणाला, "नाय वो. पोर हाय माझा."

प्रमोदला काही महिन्यांची शिक्षा झाली. वकील अपील करू म्हणत होता, पण प्रमोदच नको म्हणाला. का, ते त्याने कोणाला सांगितलं नाही. तो आत गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला काका त्याच्या दारापुढे जाऊन उभे राहिले. प्रमोदची बायको पहाटेच कामावर जाई, आजीला चालवत नव्हतं, आणि पोरीला शाळेत सोडायला कोणी नव्हतं. ते हाक मारत नसत. दार उघडे, दप्तर घेतलेली पोर बाहेर येई, दार लागे. ते तिला हाताला धरून आमच्या बागेवरून मराठी शाळेत पोचवत आणि दुपारी परत आणत. आतून कोणी त्यांच्याशी शब्द बोलत नसे. माझ्या बाल्कनीतून मी हे रोज पाहत होते. पावसाळ्यात त्यांची छत्री सगळी पोरीकडे कललेली असे. प्रमोद सुटून आला तरी हा क्रम मोडला नाही. प्रमोदने तशी सोय करून घेतली, की काकांनी मागून घेतली, मला माहीत नाही.

गेल्या उन्हाळ्यात माझी बदली झाली आणि आम्ही वसाहत सोडली. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी मुद्दाम खाली उतरून त्यांना गाठलं. पोर शाळेत गेली होती आणि ते फाटकाजवळच्या बाकावर बसले होते. इतकी वर्षं मनात असलेलं एक विचारायचं होतं. मला वाटायचं की या माणसाच्या आत कुठे तरी एक पक्की शांतता असणार, जी आपल्याला लाभत नाही.

"काका, खरं सांगाल? 'मी फाटकात नव्हतो' असं कोर्टात सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं कधी वाटतं का?"

त्यांनी उत्तर द्यायला वेळ लावला नाही.

"रोज वाटतं, बाय. सकाली उठलो का पयला तेच वाटतं."

मग ते उठले, धोतराची मागची धूळ झटकली, आणि मला म्हणाले, "जा, सामान बांधायचा असंल. पोरीला सांग, खेल सोरू नको." आणि गावाच्या वाटेला लागले. मी ते दिसेनासे होईपर्यंत तिथेच उभी राहिले.