आत्यानं भुताला दात दिले

माझी आत्या कवळ्या बनवते. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत तिचं टेबल आहे: एका बाजूला प्लास्टरचे साचे, दुसऱ्या बाजूला मेण तापवायचा दिवा आणि मधे दात घासून गुळगुळीत करायची मोटर. बाहेर पाटी डॉक्टरांच्या नावाची, पण पेशंट विचारत येतात, "दातवाल्या ताई आहेत का?" तिचा स्वतःच्या हातावर जबर विश्वास. "माझी कवळी लावून माणूस शिंकला तरी दात जागा सोडत नाहीत," असं ती छातीठोकपणे सांगते, आणि ते खरं आहे.

ती खालच्या मजल्यावर एकटी राहायची, आम्ही वर. माझे बाबा तिचे थोरले भाऊ. ते प्रार्थनागृहात दर आठवड्याला प्रार्थना सांगायचे, त्यांच्या आधी आजोबा सांगायचे. घरात आजोबांचं नाव आदरानं निघायचं. आजीचं निघायचंच नाही. आजीनं उतारवयात प्रार्थनागृहात जायचं सोडलं होतं. "माझा विश्वास उरला नाही," एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून आजोबा तिच्याशी बोलले नाहीत. एकाच घरात, एकाच जेवणाच्या टेबलाशी बसून, अकरा वर्षं. ती शेवटची अंथरुणाला खिळली तेव्हाही नाही.

मी कॉलेजात असताना आत्याकडे एक बाई आली. ती लग्नाचे व्हिडिओ काढायची, आणि मित्रमंडळींना गोळा करून कमी खर्चात भुताचा सिनेमा काढायला निघाली होती.

"ताई, भुताचे दात हवेत. लांब सुळे, पिवळे."

"भूत कोणाचं?" आत्यानं विचारलं.

"म्हणजे?"

"वय किती? खायची काय? स्वतःचे दात कधी पडले? तोंड कळल्याशिवाय मी दात करत नाही."

बाई गडबडली आणि गोष्टीचे कागदच ठेवून गेली. आत्यानं जेवणाच्या सुट्टीत ते वाचले. मेलेली एक बाई रोज दुपारी आपल्या घरी जेवायला येते. मुलींना ती दिसते. नवरा मोठा धार्मिक, आणि त्याच्या धर्मात मेलेलं माणूस परत येत नाही. मग तो तिच्याकडे बघतच नाही. ती समोर बसते, तो जेवत राहतो. ती रोज एक खुर्ची जवळ सरकते. तो जेवत राहतो.

आत्याच्या हातातला घास हातातच राहिला. आमच्या घरातलं त्या सिनेमावाल्या बाईला काडीचंही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आत्यानं निकाल दिला. "सुळे विसर. अशा बाईला सुळे कशाला? साधी कवळी करते, खऱ्या दातांवर बसणारी, फक्त एक माप मोठी. ओठ पुरते मिटणार नाहीत. बघ काय होतं ते."

कवळी झाली, पण नटीला जमेना. बोलायला गेली की उमासे यायचे. तिसऱ्या दिवशी ती हिरडी सुजल्याचं कारण सांगून गेली ती गेलीच. आत्यानं नमुन्याला म्हणून तशीच एक कवळी आधी स्वतःच्या जबड्यावर करून पाहिली होती. "यात न जमण्यासारखं काय आहे?" म्हणत तिनं ती घातली आणि भुताचं वाक्य म्हटलं, "मीठ देऊ का?"

कॅमेरावाल्यानं चहाचा कप खाली ठेवला. बाई म्हणाली, "ताई, तुम्हीच करा."

"सोमवारी दोन कवळ्या द्यायच्यात. मंगळवारपासून येते," आत्या म्हणाली. बावन्न वर्षांची होती ती तेव्हा.

घरी कळलं तशी माझ्या आईनं डोक्याला हात लावला. "प्रार्थना सांगणाऱ्याची बहीण आणि भुताचं काम करणार? लोक तोंडात शेण घालतील!"

"वहिनी, तोंडाचं मी बघून घेते. माझा धंदाच तो आहे."

बाबा काहीच बोलले नाहीत. आणि मग बोललेच नाहीत. आत्या वर आली की ते पेपर उघडायचे. तिनं काही विचारलं तर उत्तर आईला द्यायचे. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी दुपारी मला म्हणाले, "चल. कुठे चालतं ते दाखव. आज हे थांबवूनच येतो."

एक रिकामं घर भाड्यानं घेऊन तिथं शूटिंग चाललं होतं. खिडक्यांना खाकी कागद चिकटवलेले. आम्ही दारात पोचलो तेव्हा जेवणाचा प्रसंग सुरू होता. नवऱ्याचं काम करणारा माणूस जेवत होता, आणि त्याच्या शेजारी, अगदी कोपराला कोपर लागेल अशी, आत्या बसली होती. राखाडी साडी, पांढरा चेहरा, न मिटणारे ओठ.

"मीठ देऊ का?" तिनं विचारलं.

त्या माणसानं झटक्यानं मान दुसरीकडे फिरवली. सिनेमावाल्या बाईनं शॉट थांबवला.

बाबा तरातरा आत गेले. सगळे बाजूला झाले. "आईला यात का ओढलंस?" ते आत्यावर ओरडले.

आत्यानं शांतपणे कवळी काढून रुमालात ठेवली. "मी नाही ओढलं, दादा. गोष्टीत ती आधीच होती. मी फक्त दात घातले."

"बाबांचा अपमान आहे हा."

"चार दिवस तू माझ्याशी काय करतोयस, ते आधी सांग. तो कोणाचा मान आहे?"

मला वाटलं, बाबा आता टेबल उलथवणार. पण ते नवऱ्याचं काम करणाऱ्या माणसाकडे वळले.

"तुम्ही मान फिरवता, ते चूक आहे," ते म्हणाले. "मान फिरवली म्हणजे ती आहे हे कबूल केलं. आमचे वडील मान फिरवायचे नाहीत. मीठ लागलं तर तिच्या हाताशेजारून स्वतः उचलायचे. तिथं कोणी नाहीच, अशा हातानं." आणि त्यांनी तो हात करून दाखवला.

तो शॉट सिनेमात आहे. नवऱ्याचा हात मेलेल्या बायकोच्या बोटांशेजारून सावकाश जातो आणि मिठाची वाटी घेऊन परत येतो. त्यात ना रक्त, ना किंकाळी. मी आजवर पाहिलेलं सगळ्यात भयंकर दृश्य तेच.

आता सिनेमाचं काय झालं ते सांगते. तो आपटला. वितरकानं पोस्टरवर स्वतःच्या मनानं सुळे रंगवले. सुळे बघायला आलेली पोरं साधी कवळी बघून हसली आणि मध्यंतरात उठून गेली. दुपारचा एकच खेळ होता, तोही आठवड्यानं उतरला. बाई पुन्हा लग्नांच्या मागे लागली.

प्रार्थनागृहातल्या वडीलधाऱ्यांनी बाबांना बोलावलं आणि सगळ्यांसमोर सिनेमाचा निषेध करा म्हणून सांगितलं. बाबांनी विचारलं, "तुमच्यातल्या कोणी पाहिलाय?" कोणीच पाहिला नव्हता. "मी पाहिलाय. त्यात आपल्याबद्दल एकही खोटी गोष्ट नाही." पुढच्या आठवड्यात, गेलेल्या सभासदांची नावं वाचताना, त्यांनी आजोबांच्या नावाशेजारी आजीचं नाव वाचलं. ते यादीत नव्हतं. त्या एका नावापायी त्यांचं प्रार्थना सांगायचं काम गेलं, ते वर्षभर परत मिळालं नाही. ते वर्षभर मागच्या बाकावर बसले आणि एकदाही कुरकुरले नाहीत. आईनं मात्र वर्षभर दोघांच्या वाटची कुरकुर केली.

आत्याला मी एकदा म्हटलं, "वाईट नाही वाटत? एवढं चांगलं काम आणि कोणी पाहिलं नाही."

"कोणी नाही कसं? एकशे चाळीस माणसांनी तरी पाहिलं असेल. माझ्या कितीतरी कवळ्या तर फक्त घरच्यांनीच पाहिल्यात, म्हणून त्या वाईट झाल्या का?" मोटर बंद करून तिनं दाताची कड अंगठ्यानं तपासली. "सिनेमा उत्तम आहे. लोकांना कळायला वेळ लागतोय, एवढंच."

हल्ली एका कॉलेजात सिनेमा शिकवणारे सर दर वर्षी तो मुलांना दाखवतात आणि आत्याला बोलावतात. मागच्या खेपेला मीही गेले होते. दिवे लागल्यावर कोणी हसलं नाही. एका मुलीनं उठून आत्याला विचारलं, "शेवटी तो नवरा तिच्याकडे बघतो का? पडदा काळा होतो, कळलं नाही."

"मला माहीत आहे," आत्या म्हणाली, "पण सांगणार नाही. पुढच्या वर्षी पुन्हा येऊन नीट बघ."