डिटर साहेबांच्या गावचा क्लब

सोमवारी सकाळी चहा यायच्या आधी आमचं काम तपासणारे डिटर साहेब वर्कशॉपच्या दारात उभे राहून आम्हाला निकाल सांगायचे. जर्मनीतल्या त्यांच्या गावच्या फुटबॉल टीमचा. आम्ही आखातातल्या अल क्वोजच्या शेडमध्ये लोखंडी टाक्या जोडणारी माणसं, कुणी कोल्हापूरचा, कुणी केरळचा, कुणी पेशावरचा. त्या गावाचं नाव आमच्यातल्या एकालाही नीट घेता यायचं नाही. पण साहेब सांगायचेच. "कल हार गया. चार-एक. गोलकीपर का गलती. गोलकीपर मेरी बहन का लडका." मग घड्याळाकडे बघून म्हणायचे, "यल्ला, काम."

जिंकले तरी चेहरा तोच. हरले की चूक कुणाची ते नाव घेऊन सांगायचे, मग तो भाचा असो नाहीतर गावचा पाव भाजणारा. पेशावरचा रहीम मला म्हणायचा, "शिंदेभाई, इसका भांजा इधर होता तो रोज रोता."

मी स्वतः पेठेतल्या तालमीच्या टीममधून लेफ्ट बॅक खेळलेला. चौथीत शाळा सुटली, तालीम सुटली नाही. हे कळल्यावर साहेबांनी मला पहिला प्रश्न काय विचारावा? "तुम्हारे क्लब में घास कौन काटता है?" साहेबांचं हिंदी माझ्या इंग्रजीसारखं, दोन्ही मिळून आमची एक भाषा व्हायची. मी म्हणालो, गवत कुठलं साहेब, माती आहे, पाणी मारतो. कोण मारतं? म्हटलं, सगळे. त्यांनी मान हलवली. "सगळे म्हणजे कोणीच नाही." त्यांच्या क्लबात पाळीचा कागद भिंतीला लावलेला असतो. गवत कुणी कापायचं, रेघा कुणी मारायच्या, मॅचच्या दिवशी सॉसेज कुणी भाजायचे. डॉक्टरची पाळी आली तर डॉक्टर गवत कापतो. आठव्या नवव्या दर्जाची टीम, पैसा कुणालाच नाही, आणि कारभार असा.

आमच्या कामात एक रीत आहे. जॉइंट झाला की वेल्डर शेजारी पंचने आपला नंबर ठोकतो. माझा सतरा. रुवैसच्या रिफायनरीला जाणाऱ्या एका टाकीवरचा माझा जॉइंट मनासारखा बसला नव्हता. वरून झकास दिसत होता, पण हाताला कळतं. मी नंबर ठोकलाच नाही. साहेब टॉर्च घेऊन टाकीभोवती फिरले आणि बरोबर तिथंच थांबले. "मिस्टर शिंदे, ये किसका?" मला मिस्टर म्हणणारा आयुष्यात हा एकच माणूस. मी म्हणालो, बघायला लागेल. "देखो," म्हणाले, आणि उभे राहिले. त्या तापलेल्या शेडमध्ये अर्धा तास, तोंड लालबुंद, घामसुद्धा पुसला नाही. मीही कोल्हापूरचा, हललो नाही. शेवटी मलाच त्यांची दया आली. म्हटलं, माझा आहे.

"गुड. काटो, फिर से करो." ओरडले नाहीत, वर कुणाला कळवलं नाही. जाताना एवढंच म्हणाले, "अच्छा जॉइंट पे सब लोग नंबर मारता है." मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्यांना ते कळलंच नाही, म्हणून तिसऱ्या दिवशी बोलायला लागलो.

त्यांच्या क्लबाला शंभर वर्षं व्हायची होती. गावच्या कमिटीने साहेबांना सांगितलं, क्लबाचा इतिहास तू लिही, जुन्या वह्यांचे फोटो पाठवतो. साहेब खूश. त्याच वर्षी ते रिटायर होऊन कायमचे गावी जाणार होते, तिथं घर बांधून ठेवलेलं. म्हणजे इतिहास लिहून, पुस्तक हातात घेऊनच गावात पाऊल टाकायचं. काम सुटलं की केबिनमध्ये बसायचे आणि मला बोलावून फोटो दाखवायचे. मला ती अक्षरं काय कळणार, पण ऐकायला बरं वाटायचं. गोलपोस्ट कुणाच्या झाडाची केली, बॉल कुठल्या चांभाराने शिवला, सगळं वहीत.

एक दिवस त्यांनी बोलावलं नाही, मीच गेलो. त्यांच्या पुढ्यात मेंबरांच्या यादीचा फोटो होता. एका नावावर आडवी रेघ मारलेली आणि खाली सही. नाव होतं ज्युलिअस. अकरा वर्षं क्लबाचा गोलकीपर. धर्माने ज्यू. त्या काळात त्यांच्या देशात ज्यू लोकांना सगळीकडून काढायला लागले होते, तसं या क्लबानेही एका संध्याकाळी मीटिंग घेऊन त्याला काढलं. पुढं त्याला गावातूनही नेलं, तो परत आला नाही. पन्नास वर्षांच्या वेळी जे पुस्तक निघालं त्यात लिहिलं होतं, ज्युलिअस गाव सोडून गेला. आणि वहीतली खालची सही सेक्रेटरीची, म्हणजे साहेबांच्या आईच्या वडिलांची.

मी म्हणालो, "साहेब, लिहा की क्लबाने काढलं. आजोबांचं नाव कशाला? आमच्यात गेलेल्या माणसाचं वाईट बोलत नाहीत."

"ज्युलिअस भी गया हुआ है," ते म्हणाले. "आणि क्लबाला हात नसतात, मिस्टर शिंदे. रेघ हाताने मारतात."

पण ते बोलणं सोपं होतं. कमिटीचा फोन आला, ते पान असं नको, जुन्या पुस्तकात आहे तेच ठेव. गावात घरं दीडशे. परत जाऊन त्यातच राहायचं आणि तिथंच मरायचं. पेठेतल्या लोकांनी बोलणं टाकलं की माणसाचं काय होतं ते मी पाहिलेलं आहे. शिवाय आई ब्याण्णव वर्षांची, ती समारंभाला पुढच्या रांगेत बसणार. साहेब वाळले. सोमवारचा निकाल सांगायचेही विसरले.

आठवड्याने त्यांनी लिहिलेलं मला हिंदीत वाचून दाखवलं. ज्युलिअसचं नाव होतं, मीटिंग होती, आणि पुढं होतं, 'तेव्हाच्या सेक्रेटरींनी नाव कमी केलं.'

मी विचारलं, "कुठले सेक्रेटरी?"

"तुम को मालूम है."

"मला तुम्ही सांगितलं म्हणून मालूम. पुस्तक वाचणाऱ्याला कोण सांगणार?"

मीच आधी नको म्हणालो होतो आणि आता मीच असं बोललो. का ते मला आजही सांगता येत नाही. साहेबांनी पेन उघडलं, आजोबांचं नाव लिहिलं. मग म्हणाले, छापायच्या आधी आईला माझ्या तोंडून कळलं पाहिजे.

फोन त्यांनी माझ्यासमोरच लावला. भाषा मला कळत नव्हती. ते सावकाश वाचत होते. वाचून झाल्यावर म्हातारी बोलली, दोनतीनच वाक्यं. साहेबांनी फोन टेबलावर पालथा ठेवला.

"ती म्हणते, तिला माहीत होतं. तेव्हा ती सहा वर्षांची होती. तिचे वडील लिहीत होते, ही शेजारी बसलेली. रेघ वाकडी येऊ नये म्हणून पट्टी तिने धरली होती." मग म्हणाले, "म्हणते, ते पण लिही."

"सहा वर्षांचं लेकरू, साहेब. त्याचा काय गुन्हा? ते नका लिहू."

"मी पण तेच म्हटलं. ती म्हणते, तू विचारलं नाहीस, मीच सांगते आहे."

त्यांनी लिहिलं. मी त्यांना एअरपोर्टला सोडलं. त्यांनी हात पुढे केला, मी मिठी मारली, माणूस लाकडासारखा ताठ उभा राहिला, पण मागे सरला नाही. पुढं समारंभ झाल्यावर त्यांचा फोन आला. पुस्तक पूर्ण छापलं का, मी विचारलं. "पूरा," म्हणाले. कमिटीतले दोघं उठून गेले. शेजारच्या घरचा माणूस अजून नमस्काराला उत्तर देत नाही.

"आणि आई?"

हॉलमध्ये ते पान मोठ्याने वाचलं तेव्हा ती खुर्चीतून उभी राहिली. एरवी तिला उठवायला दोन माणसं लागतात. साहेब हात द्यायला गेले तर तिने त्यांचा हात बाजूला केला, आणि वाचून संपेपर्यंत सगळ्या गावासमोर तशीच उभी होती.