सायमन भिंगारदिवेचा पहिला गोल

सायमन भिंगारदिवे दर रविवारी बुटांच्या नाड्या धुऊन निळीत बुडवत असे आणि वाळल्यावर तांब्यात निखारे घालून त्यांना इस्त्री करत असे. बूट मात्र तो कधी पुसत नसे. विचारलं तर म्हणे, "बूट रेफ्री बघतो, भाऊसाहेब. नाडी पब्लिक बघतं." आमच्या साखर कारखान्यावर त्याचं पब्लिक म्हणजे हजेरी लिहिणारा मी टाइमकीपर, शिवाय दोन वॉचमन आणि उसाच्या वजनकाट्यावर खोळंबलेले बैलगाडीवाले.

तो भिंगारचा. तिथल्या लष्करी छावणीतल्या पलटणींचा खेळ बघून शिकला आणि मुंबईच्या एका गिरणीने त्याला फॉरवर्ड म्हणून उचलला. गिरणीच्या मस्टरवर तो साचेवाला, म्हणजे माग चालवणारा होता. साचा चालतो कसा हे त्याने सात वर्षांत पाहिलं नाही आणि गोल पडत होते तोवर कुणी विचारलंही नाही. गुडघा गेला, तेव्हा गिरणीच्या एकदम लक्षात आलं की या साचेवाल्याला साचा चालवता येत नाही.

मुंबईतला त्याचा एक हेडरचा गोल मी किती वेळा ऐकला असेन याची गणती नाही. पहिल्या वेळी त्याच्यापुढे एकटा गोलकीपर होता. दिवाळीपर्यंत दोन बॅक आले. संक्रांतीला समोरच्या संघात तेरा खेळाडू झाले, तेव्हा मी हसलो. तो रागावला नाही. म्हणाला, "तुमी तिथं न्हवता म्हनून हसता."

मैदानावर तो पळत नसे. गोलपासून पंधरा पावलांवर हात कमरेवर ठेवून उभा. "फॉरवर्डनं पळायचं नसतं. कुठं उभं ऱ्हायचं ते कळलं की बॉल येतोच. पळत्यात ती बॅक लोकं." या तत्त्वज्ञानाचा उगम गुडघ्यात आहे हे मला ठाऊक होतं, पण तत्त्वज्ञान म्हणून ते वाईट नव्हतं. आमच्या संचालक मंडळातले बरेच जण त्यावरच निवडून आले होते.

चेअरमनसाहेबांनी मुंबईत फुटबॉलची एक मॅच मध्यंतरापर्यंत पाहिली होती. तेवढ्या अनुभवावर त्यांनी कारखान्याची टीम काढली. त्या वर्षी पाऊस नव्हता, फडातला ऊस जागेवर वाळत होता. अशा वेळी लोकांचं मन रमलं पाहिजे, असं त्यांनी संचालकांना पटवलं. संचालकांना सगळंच पटत असे.

सायमनला घेतलं ते सीझनल म्हणून. गाळप चालू तोवर काम, बंद झालं की घरी. क्वार्टर फक्त कायम माणसाला मिळे. त्यामुळे त्याची बायको मार्था भिंगारला भावाच्या घरी दोन मुलींना घेऊन, आणि हा आमच्याकडे चौघांच्या खोलीत. "एकदा कायम झालो ना, की चूल एक करायची," एवढंच तो म्हणे. हे सांगताना मात्र तो आकडे वाढवत नसे.

कारखान्याच्या वर्धापनदिनी भिंगारच्या जवानांच्या संघाशी मॅच ठरली. माझं मराठी स्वच्छ म्हणून माईक माझ्याकडे. आधी भाषण झालं. भाषणाच्या भरात चेअरमनसाहेब म्हणाले, "आज आपल्या टीमचा पहिला गोल जो मारील, त्याला मी कायम करणार! हा माझा शब्द आहे!" टाळ्या पडल्या. सायमनने वाकून नाड्या पुन्हा बांधल्या.

मग उद्घाटन. बॉलला हळदकुंकू, नारळ, हार. चेअरमनसाहेबांनी बॉल जवानांच्या गोलमध्ये मारायचा आणि गोलकीपरने भलत्या बाजूला उडी घ्यायची, असं लेबर ऑफिसरने ठरवून दिलं होतं. धूळ उडून साहेबांचं धोतर खराब होऊ नये म्हणून सकाळपासून दोन टँकर मैदानावर रिकामे केले होते. कुंपणापलीकडे हंडे घेतलेल्या बायका ते पाणी बघत उभ्या होत्या.

साहेबांनी लाथ मारली. गोलकीपर शिस्तीचा माणूस; त्याने डावीकडे झकास उडी घेतली. साहेब वळून लोकांना हात जोडू लागले. आणि बॉल त्याच टँकरच्या चिखलात, रेषेच्या वीतभर अलीकडे रुतून बसला.

कुणी हलेना. रेफ्रीने शिट्टी तोंडात धरली होती, पण ती वाजवायची की नाही हे त्याला लेबर ऑफिसरने सांगितलं नव्हतं.

तेव्हा सायमन पळाला. मी त्याला पळताना त्या एकदाच पाहिलं. गुडघा बाहेर फेकत, वेडावाकडा, पण काय वेगात! त्याने बॉल जाळीत मारला आणि दोन्ही हात वर केले.

माईकमध्ये मी "सायमन" म्हणायला तोंड उघडलंच होतं. लेबर ऑफिसरने माझा दंड धरला. मी म्हणालो, "गोल! माननीय चेअरमनसाहेबांचा गोल!"

बँड वाजला. सायमनचे हात बराच वेळ वर होते. मग ते सावकाश खाली आले.

खरी मॅच आम्ही चार-शून्य हरलो. सायमन पंधरा पावलांवर उभा राहिला. बॉल काही तिकडे आला नाही.

संध्याकाळी तो टाइम ऑफिसच्या खिडकीशी आला. "भाऊसाहेब, तुमी पाह्यलं ना?"

"पाहिलं."

"बॉल रेषेच्या अलीकडंच हुता ना?"

"होता."

"मंग झालं," तो म्हणाला. "मला वाटलं, ह्यो बी मीच वाढवून सांगतोय का काय."

मी माफी मागायला हवी होती. मी विचारलं, "चहा घेणार?" तो नको म्हणाला.

गाळप लवकरच बंद पडलं. पुढच्या सीझनची यादी माझ्याच हाताने लिहिली गेली, तिच्यात त्याचं नाव नव्हतं. तो परत भेटला नाही. पुढे कुणीतरी सांगितलं, भिंगारच्या बाजारात मार्थाच्या शिलाई मशीनशेजारी बसून काजं करतो आणि मुंबईचा हेडर अजून सांगतो. चिखलातला गोल तो सांगत नाही म्हणे. तो मी सांगतो, आणि ऐकणारे हसतात. ते तिथं नव्हते.

कारखान्याच्या गेस्ट हाउसमध्ये त्या दिवसाचा मोठा फोटो होता. खाली सोनेरी अक्षरं: "चेअरमनसाहेब पहिला गोल करताना." फोटोत साहेब मागे लांबवर, गोलकडे पाठ करून, लोकांना हात जोडून उभे. सायमनला डाव्या कडेला कापून टाकलं होतं. पण पुढे, बॉलला टेकलेला एक मळका बूट तसाच राहिला होता, शुभ्र, कडक नाडीचा. तो कापायचा तर बॉलही कापावा लागला असता.